आळंदला वाईनची द्राक्षं लावावीत का?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत केलेलं भाषण)



गणपतीच्या मांडवात वाईनचा विषय कसला काढता, हा प्रश्न कार्यकारिणीच्या बैठकीतच विचारून झाला आहे. तिथे दिलेलं उत्तर इथेही देतो. आम्ही कुणाला प्यायला शिकवायला उभे नाही; आम्ही सरकारी नोकर, ते आम्हाला शोभणारही नाही. विषय शेतीचा आहे. आपल्या मंडळातल्या निदान तीन घरांची जमीन अजून आळंद आणि भालकी तालुक्यांत आहे. गेल्या दिवाळीत त्यातल्या एका घरी एक गृहस्थ येऊन गेले. हातात रंगीत पत्रकं, मोबाइलवर नाशिकचे व्हिडिओ. "तुरीत काय ठेवलंय अण्णा? वाईनची द्राक्षं लावा. चार वर्षांत इथेच वाईनरी काढू, हैदराबादचे लोक येतील, राहायला खोल्या बांधू." घरातला मुलगा पुण्याची नोकरी सोडून यायला एका पायावर तयार. वडिलांना झोप येईना. त्यांनी आम्हाला विचारलं. आम्ही खात्यात रस्ते-पुलांची मोजमापं करणारी माणसं, आम्हाला द्राक्षातलं काय कळतंय? पण प्रश्न घरातल्या घरात फिरत राहण्यापेक्षा जाऊन बघून यावं असं ठरलं आणि फेब्रुवारीत आम्ही आठ जण टेम्पो ट्रॅव्हलर करून निघालो. त्यात तो मुलगा होता, त्याचे वडील होते, दोन वहिनी होत्या आणि एक निवृत्त गुरुजी होते, जे आयुष्यात चहाखेरीज काही प्यायलेले नाहीत.

आमच्या प्रवासाचा मार्ग ऐका. कलबुर्गीहून अक्कलकोट, तिथे स्वामींचं दर्शन. मग सोलापूर, पंढरपूर. विठोबाच्या पायावर डोकं ठेवून पुढे अकलूज आणि अकलूजला वाईनरी! गुरुजी म्हणाले, "जगात असा वाईन-मार्ग दुसरा नसेल." पुढचं तर अजून ऐका. महाराष्ट्रात नव्या जमान्याची वाईन जिथे सुरू झाली ते नारायणगाव ओझरचा विघ्नेश्वर आणि लेण्याद्रीचा गिरिजात्मज यांच्या जवळच आहे. म्हणजे अष्टविनायकांतले दोन गणपती शेजारी. तेव्हा मांडवात हा विषय अगदीच परका नाही.

आधी अकलूज. मोहिते-पाटलांचा, ऊस आणि साखर कारखान्याचा मुलूख. तिथे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीकडचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू असे तीन घरांतले भाऊ एकत्र आले आणि २००७ च्या सुमारास फ्रातेल्ली नावाची वाईनरी उभी राहिली. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये 'भाऊ'. पिएरो मासी नावाचे इटलीच्या टस्कनी भागातले जाणकार वाईन बनवायला आले. मोटेवाडी, निमगाव, गारवाड या गावांच्या शिवारांत मळे आहेत. ही नावं आम्ही मुद्दाम सांगतो, कारण ती ऐकताना आपल्याच तालुक्यातली वाटतात. जमीनही तशीच दिसते: माळरान, मुरूम, बाभळी. आमच्यातल्या मुलाचे डोळे तिथेच चमकले. "हे झालं तर आपल्याकडे का नाही?"

त्याचा प्रश्न रास्त होता. म्हणून आम्ही वाईनपेक्षा वेली जास्त वेळ बघत होतो.

आपण खातो त्या द्राक्षाची वेल मांडवावर चढवतात, घड खाली लोंबतात. तास-ए-गणेश म्हणा, आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी काढलेलं सोनाका म्हणा, मणी मोठा, साल पातळ, बी नाही. वाईनच्या द्राक्षाचं सगळं उलटं. वेल तारांवर सरळ उभी बांधतात, कुंपणासारखी. घड लहान, मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत बिया. आम्ही एक मणी तोंडात टाकला. गोड तर इतका की ओठ चिकटावेत, पण चावल्यावर सालीचा तुरटपणा जिभेवर बसला. वहिनी म्हणाल्या, "हे बाजारात कोण घेणार?" हा प्रश्न लक्षात ठेवा. पुढे सगळं याच प्रश्नापाशी येणार आहे.

लाल वाईनचा रंग आणि तो तुरटपणा सालीतून येतो. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस खरं तर पांढराच असतो. लाल वाईन करायची तर रस सालीसकट आंबवतात. पांढरी करायची तर आधी पिळून साल बाजूला काढतात आणि नुसता रस आंबवतात. यीस्ट साखर खातं, त्याचं मद्य होतं, एवढीच मूळ गोष्ट. साधारण एका लिटरमधली सतरा ग्रॅम साखर संपली की एक टक्का मद्य तयार होतं. म्हणून खायच्या द्राक्षापेक्षा वाईनच्या द्राक्षात साखर जास्त लागते आणि शेतकऱ्याला तोडणीच्या दिवशी हातात साखर मोजायचं यंत्र घेऊन उभं राहावं लागतं. आंबवण्याच्या स्टीलच्या टाक्यांना बाहेरून थंड पाण्याचं आवरण असतं, कारण आंबताना उष्णता निघते आणि उष्णता वाढली की वास उडून जातो. युरोपात थंडी फुकट मिळते, आपल्याकडे ती विजेच्या बिलावर येते. त्या टाक्या, पाइप, उतार आणि निचऱ्याच्या नाल्या आम्ही बराच वेळ बघत बसलो. नोकरीची सवय.

युरोपात वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात जागी होते, शरदात एकदा फळते. आपल्याकडे ती झोपतच नाही. म्हणून आपले शेतकरी तिची वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, काडी तयार करायला. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळ छाटणी. मग जानेवारी ते मार्च तोडणी. वर्षातून दोनदा ही काय आजची युक्ती नाही असं दिसतं. इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबादला आला होता, तेव्हा त्याने लिहून ठेवलं की इथे द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात. म्हणजे दख्खनच्या द्राक्षाला सातशे वर्षांचा कागदोपत्री पुरावा आहे. आणि त्यानंतर लगेच, १३४७ मध्ये, आपल्या कलबुर्गीला बहामनी गादी आली. इराणातून माणसं आली. त्यांनी बीदरला भुयारातून पाणी खेळवणारी करेज बांधली, मदरसा बांधला, निळ्या फरशा बसवल्या. त्यांच्या दस्तरखानावर द्राक्ष नसेल असं आम्हाला वाटत नाही. पण वाटणं निराळं, पुरावा निराळा. इतिहासाचे जाणकार समोर बसले आहेत, म्हणून इथेच थांबतो.

तोडणीच्याच महिन्यांत आपल्याकडे काय पडतं? गारा. २०१४ चा फेब्रुवारी-मार्च कुणी विसरलं नसेल. उसाला गारपीट फारशी बाधत नाही. द्राक्षाच्या घडाला एकदा गार लागली की वर्षाचं पीक गेलं. आणि गार नाही पडली तरी अवकाळी पाऊस आहे, डाऊनी आहे, भुरी आहे. औषधफवारणीच्या खर्चाचं पान आम्ही एका बागायतदाराच्या वहीत पाहिलं. मुलाच्या वडिलांनी ते दोनदा वाचलं आणि वही मिटून परत दिली.

अकलूजहून इंदापूर, पुणे, नारायणगाव. नारायणगावला आम्ही मुद्दाम थांबलो. चहा प्यायला आणि एक गोष्ट सांगायला. १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी इथे शातो इंडेज उभी केली. फ्रान्सच्या शॅम्पेनवाल्यांकडून तंत्र घेतलं आणि 'ओमर खय्याम' नावाची फेसाळती वाईन बनवून परदेशात पाठवली. मराठी माणसाने बनवलेली शॅम्पेनच्या धर्तीची वाईन लंडनच्या टेबलावर, ही त्या काळात मोठीच गोष्ट होती. पुढे महाराष्ट्र सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. राज्यातल्या द्राक्षाच्या वाईनला उत्पादन शुल्कात सूट दिली. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाईन पार्क काढले. झालं! ज्याला त्याला वाईनरी काढायची घाई. गावोगावचे शेतकरी वाईनची द्राक्षं लावायला लागले.

मग २००८ आलं. जगात मंदी, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला, हॉटेलं रिकामी. वाईनचा खप घसरला. इंडेजने विस्तारासाठी मोठं कर्ज काढलं होतं, ते फिटेना, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत एवढा मोठा डोलारा कोसळला. अनेक लहान वाईनऱ्या बंद पडल्या. टाक्या भरलेल्या, नवी द्राक्षं घ्यायला कुणी तयार नाही. शेतकऱ्यांची बिलं थकली. कित्येकांनी वेली उपटून टाकल्या किंवा त्याच खुंटावर खायच्या द्राक्षाची कलमं केली.

आता वहिनींचा प्रश्न आठवा. बाजारात हे कोण घेणार?

विजयपूरच्या शेतकऱ्याकडे द्राक्ष असतं आणि भाव पडला तर तो काय करतो? शेडमध्ये वाळत घालतो, बेदाणा करतो, तासगावच्या बाजारात नाही तर विजयपुरात विकतो. बेदाणा हा त्याचा विमा आहे. वाईनच्या द्राक्षाला असा विमा नाही. बिया असलेला, वाटाण्याएवढा, जाड सालीचा मणी ना मंडईत खपतो, ना बेदाण्यात. त्याचा गिऱ्हाईक एकच, वाईनरी. तिने तोडणीच्या आठवड्यात "यंदा नको" म्हटलं की तुमच्या हातात काही उरत नाही. आणि वेल लावायला तार, खांब, ठिबक, डॉगरिजसारखा खुंट, सगळा खर्च आधी. पीक यायला दोन-तीन वर्षं. बाग पंधरा-वीस वर्षांची. म्हणजे भांडवल तुमचं, हवामानाची जोखीम तुमची, आणि घेणं न घेणं समोरच्याच्या मर्जीवर. नारायणगावच्या चहाच्या टपरीवर आम्ही हे मुलाला सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही. फक्त मोबाइलवर ते पत्रक पुन्हा उघडून बघत होता, त्यात करारनाम्याचा उल्लेख कुठे आहे का म्हणून. नव्हता.

मग नाशिक. इथे मात्र आम्ही निराशेने गेलो नाही, कारण वाईन पर्यटन कसं चालतं ते नाशिकलाच कळतं.

राजीव सामंत अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकले, तिकडे नोकरी केली, १९९० च्या दशकात परत आले. नाशिकला घरची जमीन होती. आईचं नाव सुलभा, त्यावरून 'सुला'. कॅलिफोर्नियाचे केरी डॅमस्की वाईन बनवण्यात सल्लागार. २००० च्या सुमारास पहिली वाईन आली. पण आमच्या मते खरी करामत २००५ ची आहे. त्या वर्षी त्यांनी मळ्यावरच लोकांना वाईन चाखायची जागा उघडली. गच्चीतून समोर मळे, पलीकडे गंगापूर धरणाचं पाणी. माणसं बाटली घ्यायला आली नाहीत, संध्याकाळ घालवायला आली. मग राहायच्या खोल्या, जेवण, २००८ पासून संगीताचा महोत्सव. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले. आज नाशिकच्या आसपास कितीतरी वाईनऱ्या पाहुण्यांना मळा दाखवतात आणि 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. मानांकन तर आपल्या कलबुर्गीच्या तूरडाळीलाही आहे, २०१९ पासून. पण डाळ मिल बघायला पुण्याहून कोण येतं?

ही युक्तीही नवी नाही. कॅलिफोर्नियात नापा नावाच्या खोऱ्यात रॉबर्ट मोंडावी यांनी १९६६ मध्ये वाईनरी काढली, तीच मुळी पाहुणे येतील हे धरून बांधली. तेव्हा अमेरिकेची वाईन जगात कुणी खिजगणतीत धरत नव्हतं. दहा वर्षांनी, १९७६ मध्ये पॅरिसला नावं झाकून चाखण्याची स्पर्धा झाली आणि फ्रेंच परीक्षकांनी कॅलिफोर्नियाच्या वाईनला पहिला नंबर दिला. नापा वाढलं त्याला चांगली वाईन हे एक कारण, आणि सॅन फ्रान्सिस्को गाडीने तासा-दीड तासावर हे दुसरं. नाशिकला मुंबई साधारण १७० किलोमीटर, पुणे सव्वादोनशेच्या आत. बेंगळुरूजवळ नंदी हिल्सच्या पायथ्याला कंवल ग्रोव्हर यांनी १९८८ मध्ये मळा उभा केला, तिथेही तेच. शहर जवळ पाहिजे. शनिवारी दुपारी निघून रविवारी रात्री घरी पोचता आलं पाहिजे.

चाखण्याचा कार्यक्रम आमच्यापैकी चौघांनी केला, चौघे बघत बसले. पेला तिरका धरून रंग बघायचा, गोल फिरवायचा, नाक घालून वास घ्यायचा, मग एक घोट तोंडात खेळवायचा. गिळायचा नसेल तर थुंकायला भांडं ठेवलेलं असतं. आमच्यातले एक जण म्हणाले, "थुंकायची परवानगी असलेली ही पहिलीच सुसंस्कृत जागा पाहिली." तिथल्या मुलीने पेरू, लिंबू, कापलेलं गवत असे वास ओळखून दाखवायला सांगितले. गुरुजींनी पेला नुसता हुंगला आणि अचूक पेरू म्हणाले. पेला त्यांनी तसाच परत ठेवला. तिखटाबरोबर किंचित गोडसर पांढरी, शेनिन ब्लांकसारखी, बरी लागते असं तिने सांगितलं. शेंगाच्या चटणीबरोबर काय, हे आम्ही विचारलं नाही.

आम्हाला जास्त मोलाचं वाटलं ते दुसरं. आमच्यातले निम्मे लोक काही न पिताही तिथे दोन तास रमले. मळ्यात फिरले, तोडणी पाहिली, द्राक्षं तुडवायच्या हौदात वहिनींनी पाय घालून घेतले. शेती बघायला शहरातला माणूस पैसे देतो, ही गोष्ट पुण्याच्या मुलाला नवी नव्हती. त्याच्या वडिलांना नवी होती.

आता थोडं कायद्याचं. दारू हा आपल्या घटनेत राज्यांचा विषय आहे. त्यामुळे अकलूजची वाईन आळंदला आली की तिला जवळजवळ परदेशी मालासारखी वागणूक: इथला वेगळा कर, लेबलची इथे वेगळी नोंदणी. माणसांची सीमा आपण रोज ओलांडतो, मुली देतो-घेतो, बाटलीला ओलांडता येत नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे, प्यायला परवाना लागतो. तिथल्या सरकारने जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाईन ठेवायची परवानगी द्यायचं ठरवलं. अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला, गदारोळ झाला, निर्णय बारगळला. आपल्या कर्नाटकात तर गंमत आहे. २००७ मध्ये एका हाताने सारायीवर बंदी आणली आणि त्याच वर्षी दुसऱ्या हाताने द्राक्ष प्रक्रिया आणि वाईन धोरण आणलं. पुढे वाईन मंडळही काढलं. दोन्ही गोष्टी शेतकऱ्याच्या आणि गरिबाच्या भल्यासाठी, असंच दोन्ही वेळी सांगितलं.

आणि गावातली 'वाईन शॉप' नावाची दुकानं आपण बघतोच. तिथे सगळं मिळतं, वाईन सोडून.

पिण्याच्या बाबतीत आम्ही गुळमुळीत बोलणार नाही. "वाईन औषधी असते, हृदयाला चांगली" असं पत्रकात छापलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की मद्याचं निर्धोक असं प्रमाण नाही. वाईनमध्ये मद्य साधारण अकरा ते चौदा टक्के असतं, व्हिस्कीपेक्षा पुष्कळ कमी, पण ते असतं. बीदरच्या लोकांना दारू काय करते ते सांगायला नको. महमूद गवानासारखा वजीर, ज्याच्या मदरशापुढे आपण पाहुण्यांना फोटो काढायला नेतो, त्याला तिसऱ्या मुहम्मदशहाने १४८१ मध्ये खोट्या पत्रावरून, नशेत असताना मारायचा हुकूम दिला. शुद्धीवर आल्यावर पस्तावला, वर्षभरात स्वतः गेला, आणि राज्याचे पुढे तुकडे झाले. तेव्हा आमच्या मंडळींत ज्या वहिनी शेवटपर्यंत "आपल्या शेतात हे नको" म्हणत होत्या, त्यांचं म्हणणं आम्ही हसण्यावारी नेलं नाही. त्यांच्या माहेरी सारायीने एक घर बसलेलं त्यांनी पाहिलं आहे.

परतीच्या वाटेवर गाडीत हिशेब झाला. त्यातला पर्यटनाचा भाग आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

आळंद हैदराबादपासून अडीचशे किलोमीटरच्या घरात. बीदर मात्र दीडशेच्या आत. म्हणजे मुंबईला नाशिक आहे त्याहून हैदराबादला बीदर जवळ. उंचीही बीदरची नाशिकइतकी किंवा थोडी जास्तच, तांबड्या जांभ्याचं पठार, रात्री गार. किल्ला आहे, करेज आहे, नानक झिरा आहे, बिदरीचं काम आहे. उद्या कुणाला मळा आणि पाहुणे दोन्ही एकत्र करायचे असतील तर बीदरच्या बाजूने विचार करावा, आणि तोही आधी खायच्या द्राक्षाचा. हैदराबादच्या चिगुरुपाटी दांपत्याने आपल्याच कल्याण कर्नाटकात, कोप्पळ जिल्ह्यात, क्रिस्मा नावाने वाईनचा मळा केला आणि त्यांच्या वाईनचं नाव झालं. पण औषधाच्या मोठ्या कंपनीचा पाठबळ असलेला माणूस दहा वर्षं थांबू शकतो. आपण तीन हंगाम थांबू शकत नाही.

आणि कलबुर्गी जिल्ह्यात पाहुणे येत नाहीत असं कोण म्हणतं? गाणगापूरला पौर्णिमेला महाराष्ट्रातून किती गाड्या येतात ते मोजून बघा. संगमावर आंघोळ, माधुकरी, दर्शन, आणि पुढची गाडी. त्यातली एक तरी गाडी आपल्या शिवारात वळते का? वळायला कुणी बोलावलेलंच नाही. त्या माणसाला वाईन नको आहे. त्याला सावली, स्वच्छ संडास, ज्वारीची गरम भाकरी आणि मुलांना पळायला रान हवं आहे. सोलापूर भागात लोक हुरड्यासाठी शेतावर पैसे देऊन येतात, ते आमच्या डोळ्यांदेखत वाढलं.

त्या घराला आम्ही एवढंच सांगितलं. वाईनची द्राक्षं लावायचीच असतील तर आधी वाईनरीशी दीर्घ मुदतीचा लेखी करार, भावाचा किमान आकडा आणि माल नाकारला तर काय याचं कलम, हे वकिलाला दाखवून. मोठ्या वाईनऱ्या असे करार करतात. न करणाऱ्याच्या शब्दावर एक काडीसुद्धा रोवायची नाही. दिवाळीत आलेल्या गृहस्थांना मुलाने फोन करून कराराचा मसुदा मागितला. "पाठवतो" म्हणाले. मृगाच्या पेरण्या झाल्या, तूर गुडघ्याएवढी झाली, मसुदा अजून यायचा आहे.

मुलाने नोकरी सोडलेली नाही. मात्र शनिवार-रविवार येतो. विहिरीजवळच्या एकरभर जमिनीत मोठी शेड टाकली आहे, दोन संडास बांधले आहेत, त्यांच्या उताराची मोजणी आम्हीच करून दिली. पलीकडच्या तुकड्यात यंदा मालदांडी आहे. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी पहिला हुरडा आपल्या मंडळाचा, असं त्याने सांगितलं आहे. दर माणशी पैसे घेणार, फुकट नाही, हे त्याच्या आईने बजावून सांगायला लावलंय. बस चाळीस जणांची आहे. नावं आरतीनंतर कार्यवाहांकडे द्यावीत. शेंगाची चटणी तिकडे आहे, दही ज्याने त्याने आणायचं.